ओलान्झापिन (मानसिक आजारावरची गोळी) सुरू झाल्यापासून भावाचं वजन वाढतंय, सीआरपीही (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) जास्त आलाय. आहाराने फरक पडेल का?
पडतो, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. ओलान्झापिन मेंदूतले हिस्टामिन एच-१ आणि सेरोटोनिन ५-एचटी-२सी रिसेप्टर (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागा) अडवतं, म्हणून पोटभर जेवूनही भूक शमत नाही. 'जिभेवर ताबा नाही' म्हणून त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. पोटातल्या चरबीतून आयएल-६ हे सूज वाढवणारं रसायन सुटतं आणि त्यामुळे यकृत सीआरपी बनवतं.

आधी साखरेचा चहा आणि कोल्ड्रिंक तोडा, घोळ बहुधा तिथेच असतो. भाताआधी वाटीभर मटकीची उसळ, काकडी. फरसाणाचा डबा घरात नकोच. दर आठवड्याला सकाळी उपाशीपोटी वजन करा. कंबर ९० सेंमीच्या वर असेल तर डॉक्टरांना मेटफॉर्मिनबद्दल (मधुमेहाची गोळी, वजन आवरायलाही देतात) विचारा. एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) ३ महिन्यांनी तपासा. सीआरपी सर्दी-तापातही चढतो, तेव्हा एकाच रिपोर्टवर जाऊ नका.