ऑडिटचा अधिकार असूनही नोंदी दिसत नाहीत

प्रश्न : ओरॅकल डेटाबेसमध्ये मला 'ऑडिट_ॲडमिन' हा रोल (अधिकारांचा संच) आहे. 'युनिफाइड_ऑडिट_ट्रेल' या ऑडिटच्या नोंदी दाखवणाऱ्या व्ह्यूवरची क्वेरी थेट चालते. पण तीच प्रोसिजरमध्ये (डेटाबेसात साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये) घातली की कंपाइल करताना 'ओआरए-००९४२', म्हणजे टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही, अशी त्रुटी येते. असे का होते?

उत्तर : व्ह्यू जागेवरच आहे, अडते ते रोलपाशी. नेहमीच्या, म्हणजे मालकाच्या अधिकारांनी चालणाऱ्या प्रोसिजरमध्ये रोलमधून मिळालेले अधिकार ओरॅकल धरतच नाही, म्हणून त्या व्ह्यूवरचा सिलेक्ट अधिकार प्रोसिजरच्या मालकाच्या नावे थेट मागून घ्या. 'डीबीए (डेटाबेस प्रशासकाचा) रोल घ्या' असे कोणी सुचवले, तर कृपया ऐकू नका; तोही रोलच असल्याने त्रुटी तशीच राहील, आणि ज्याचे काम तपासायचे त्याचेच अधिकार तपासणाऱ्याच्या हाती जातील. केवळ नोंदी वाचणाऱ्या सहकाऱ्यांना 'ऑडिट_व्ह्यूअर' पुरतो.