आप्पांना सांगायचं राहिलंय

*मावशी, मी सांगलीजवळच्या गावातला. मास्टर्ससाठी जर्मनीत, केम्नित्झला आलो त्याला दोन वर्षं झाली. कर्जासाठी आप्पांनी प्लॉट तारण ठेवलाय. परवा एका शिष्यवृत्तीच्या अर्जात प्रश्न होता : परदेशातल्या शिक्षणानं माणूस म्हणून तुमच्यात काय बदल झाला? पान अजून कोरं आहे. एका विषयात नापास झालोय, शिक्षण एक सेमिस्टर लांबलंय, घरी माहीत नाही. चुलतभाऊ पुण्यात नोकरीला लागून स्थिरावलाय. उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा जेवल्यावर माझं ताट मी घासलं, तर आजी रडायला लागली आणि आई म्हणाली, परक्यासारखा वागतोस. मी मोठा झालो की नुसताच परका झालो?*
*– तुमचा एक भाचा*

प्रिय भाच्या,

तुझं पत्र बरंच मोठं होतं, इथे त्याचा गाभाच छापलाय. पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो मजकूर तू कंसात, जाता जाता लिहिला होतास. नापास झालेला पेपर बघायला गेलास, त्याबद्दलचा.

वाचकांसाठी सांगते. जर्मनीत परीक्षेनंतर तपासलेला पेपर विद्यार्थ्याला बघता येतो. ठरलेला दिवस, ठरलेली खोली, समोर प्राध्यापकांचा सहायक. तिथल्या गुणांची रीत आपल्या उलटी : 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 म्हणजे नापास. आणि एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच संधी. तुला 5.0 मिळाले होते. बरीच मुलं अशा वेळी पेपर बघायला जातच नाहीत, लाज वाटते. तू गेलास. तिसऱ्या प्रश्नात पहिल्याच पायरीला एक चिन्ह चुकलं होतं आणि पुढचं सगळं गणित कापलं होतं. ‘पुढची रीत बरोबर आहे ना, मग तिचे गुण का नाहीत?’ असं तू विचारलंस. त्यानं पुन्हा पाहिलं, दोन गुण वाढवले. निकाल नापासचाच राहिला. तरी तू उठला नाहीस. ‘मला नेमकं काय समजलेलं नाही?’ असं त्यालाच विचारलंस आणि तो कागदावर आकृत्या काढून समजावत बसला.

याच पत्रात दुसरीकडे तू लिहितोस की अकरावी-बारावीत वर्गात एकदाही शंका विचारली नाहीस, सर ओरडतील म्हणून. हा तोच मुलगा ना? मग पान कोरं कसं? तो कंस उघड आणि जसं घडलं तसं लिही, नापास झाल्याच्या उल्लेखासकट. अर्ज वाचणाऱ्यांच्या टेबलावर ‘माझा आत्मविश्वास वाढला, क्षितिजं रुंदावली’ असल्या वाक्यांचा ढीग पडलेला असतो.

आता आजीचं. ताट घासताना तू तिला काय बोललास, तेही कळवलंयस : ‘तिकडं सगळे स्वतःचं स्वतः करतात.’ मला वाटतं ती ताटामुळे रडली नाही, ‘तिकडं’मुळे रडली. एक तर तुझे तिकडे हाल झाले असं तिला वाटलं, आणि वर तिच्या घरात काहीतरी उणं आहे असंही ऐकू आलं. चौघांच्या फ्लॅटमध्ये राहतोस, स्वयंपाकघराच्या दारावर सफाईची पाळी लावलेली असते, संडास घासायची पाळी तुझ्यावरही येते, हे सगळं उत्तमच. आपल्या घरांतल्या मुलांना हे लग्नाआधी शिकायला मिळालं तर त्यांच्या बायका दुवा देतील. पुढच्या वेळी आजीचंही ताट उचल आणि तिच्याशी गावातल्या गप्पा मार, जर्मनीची नको. आईचा ‘परका’ हा शब्द एवढा मनाला लावून घेऊ नकोस. दोन वर्षांनी मुलगा घरी येतो आणि त्याला काय हवं-नको ते आपल्याला ठाऊक नाही, हे तिला टोचतंय.

खरा मुद्दा मात्र आप्पांचा आहे, आणि तिथं मी तुला सोडणार नाही. अनोळखी माणसासमोर, परक्या भाषेत, ‘मला समजलं नाही’ म्हणू शकलास. तेच वाक्य आप्पांसमोर मराठीत अडकलंय. घरी फोन लावतोस तेव्हा तू अजून अकरावीतलाच असतोस.

इरावती कर्वे 1928च्या सुमारास बर्लिनला शिकायला गेल्या, त्याही कर्जावरच. काँग्रेसचे नेते डॉ. जीवराज मेहतांनी पैसे दिले होते. त्यांना पाठवायला सासरे, म्हणजे खुद्द धोंडो केशव कर्वे, राजी नव्हते. इरावतीबाईंचे बर्लिनमधले मार्गदर्शक प्राध्यापक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठता मानणारे. माणसांच्या कवट्यांच्या ठेवणीत वंशानुसार फरक दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मापं घेतली, तसा फरक दिसला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसं लिहिलं. ज्याच्या हातात आपली पदवी आहे त्याला नको असलेलं खरं सांगायला काय लागत असेल याचा मी अनेकदा विचार करते. तुझ्या बाबतीत ते प्राध्यापक नाहीत, आप्पा आहेत, एवढाच फरक.

आणि हे फक्त मन मोकळं करण्यापुरतं नाही, त्यात व्यवहारही आहे. सेमिस्टर लांबलं की निवास परवाना वाढवून घ्यावा लागतो आणि तेव्हा खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून व्हिसासाठी ही रक्कम वर्षाला 11,904 युरो, महिन्याला 992, धरतात. ती कुठून येणार हे आप्पांशी बोलल्याशिवाय ठरणार कसं? दुसरं, शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर काही काळानं सुरू होतो. अभ्यासक्रम लांबलाय हे बँकेला वेळेत लेखी कळवलं नाही, तर हप्ता जुन्याच तारखेला लागेल आणि पहिली नोटीस जाईल आप्पांच्या नावे. ते सहकर्जदार आहेत. मुलगा नापास झाल्याचं त्यांनी बँकेच्या कागदावरून वाचावं असं तुला वाटतं का?

म्हणून येत्या रविवारी फोन कर. तिथं त्या दिवशी दुकानं बंद, तुलाही निवांतपणा असतो. आईला आधी सांगू नकोस, नाहीतर ती मध्ये पडेल आणि तू पुन्हा तिच्या पदराआड जाशील. थेट आप्पांना सांग : एका विषयात नापास झालो, फेब्रुवारीत पुन्हा देतोय, सहा महिने वाढले, एवढे पैसे जास्त लागतील, त्यातले एवढे मी उभे करतोय. आकडे कागदावर लिहून जवळ ठेव. ते चिडतील, कदाचित चुलतभावाचं नावही काढतील. काढू देत. त्याचं शिक्षण पुण्यात झालं, कर्ज नव्हतं, भाषा आपलीच होती. पण ही तुलना तू फोनवर सुरू करू नकोस, ऐकून घे. दोन-चार दिवस ते बोलणार नाहीत. सांगलीकडचे बाप मला ठाऊक आहेत, पाचव्या दिवशी स्वतः फोन करून विचारतील, पेपर कधी आहे.

गोदामातल्या रात्रीच्या कामाबद्दल : मार्च 2024 पासून विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, ते तू जवळपास संपवत आणलेत, आणि झोपही घालवलीस. विद्यापीठातच हिवीचं, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली विद्यार्थी-सहायकाचं, काम मिळतंय का बघ. ते या दिवसांत धरत नाहीत आणि रात्र तुझी राहते. ज्या सहायकानं तुला समजावलं त्यालाच विचार, अशा जागा त्यांना आधी कळतात.

आणि डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो तेव्हा खोलीतून बाहेर पडावंसंच वाटत नाही, असं लिहिलंयस. ते हलक्यात घेऊ नकोस. स्टुडिरेंडेनवेर्कमध्ये, म्हणजे तिथल्या विद्यार्थी कल्याण संस्थेत, समुपदेशक असतात, वेळ मागून घे. तिथं जाण्यात काहीही कमीपणा नाही.

अर्जाची मुदत कधी आहे ते तू कळवलं नाहीस. फोन आधी कर, अर्ज त्यानंतर लिही.

तुझी मावशी