आऊटरवर उभी गाडी आणि उद्याची रेल्वे : वाचकांचे प्रश्न

वंदे भारत गाड्या आणि नागपूर-अजनी स्थानकांचा पुनर्विकास यावर मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतो. माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली, त्यामुळे उत्तरांचा ओढा साहजिकच रुळांकडे आणि सिग्नलकडे आहे.

मनीषनगरच्या एक वाचक भगिनी विचारतात : सेवाग्रामपर्यंत गाडी अगदी वेळेवर असते. अजनी दिसली की आम्ही सामान दाराशी आणून ठेवतो, आणि गाडी आऊटरवर, म्हणजे स्थानकाबाहेरच्या सिग्नलवर, अर्धा-अर्धा तास उभी राहते. एवढे कोटी खर्च होत आहेत, मग हे का सुटत नाही?

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून याचं उत्तर सगळ्यांत मोठं.

दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे देशाचे दोन मुख्य मार्ग नागपुरात एकमेकांना भेटतात. नुसते भेटत नाहीत, तर नागपूर ते सेवाग्राम हे सुमारे ७५ किलोमीटर दोन्ही मार्ग एकाच रुळांवरून धावतात. चेन्नईची गाडी, मुंबईची गाडी, कोळशाचा रेक (म्हणजे मालगाडीच्या डब्यांची रांग), रिकामा परतणारा रेक, सगळ्यांची वाट तीच. त्यानंतर नागपूर यार्डाच्या, म्हणजे स्थानकालगतच्या रुळांच्या जाळ्याच्या, तोंडाशी इटारसीकडचे आणि कामठी-गोंदियाकडचे रूळ एकमेकांना छेदतात. एक गाडी आडवी जात असेल, तर दुसरीला थांबावंच लागतं. व्हरायटी चौकात उड्डाणपूल नसताना चारी बाजूंची वाहनं एकाच सिग्नलवर सोडायची, असा हा प्रकार आहे. फरक इतकाच की इथे प्रत्येक वाहन अर्धा किलोमीटर लांब असतं आणि ते पूर्ण पार होईपर्यंत दुसऱ्याला हिरवा देता येत नाही. सिग्नलची यंत्रणा तसं करूच देत नाही, आणि तेच बरोबर आहे.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, रूळ वाढवणं. वर्धा–नागपूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचं काम यासाठीच आहे. इटारसीकडच्या तिसऱ्या मार्गिकेचा कोहळी–नरखेड हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि त्याच मार्गावरच्या चौथ्या मार्गिकेला जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ही कामं तुकड्यातुकड्यांनी होतात. मधला एक पूल जरी राहिला, तरी आधीच्या वीस किलोमीटरचा पूर्ण उपयोग होत नाही.

दुसरा उपाय ऑटोमॅटिक सिग्नलचा. जुन्या पद्धतीत दोन स्थानकांमध्ये एका दिशेला एका वेळी एकच गाडी सोडतात. ऑटोमॅटिक पद्धतीत साधारण किलोमीटर-किलोमीटरवर सिग्नल असतात, म्हणून त्याच अंतरात एकामागोमाग तीन-चार गाड्या सुरक्षित धावू शकतात. पण पुढे यार्डाचं तोंडच अडलेलं असेल, तर त्या तीन-चार गाड्या आऊटरवर रांग लावतील.

म्हणून तिसरा उपाय मला सगळ्यांत निकडीचा वाटतो : छेदणारे मार्ग वेगळे करणं. एक रूळ दुसऱ्याच्या वरून नेणं, मालगाड्यांना स्थानकाबाहेरून वाट देणं, काही गाड्या अजनीहूनच सोडणं. पुण्याची वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून सुटते, हे त्याच दिशेचं पाऊल आहे. नागपूर स्थानकाच्या पुनर्विकासाला सुमारे ५९० कोटी आणि अजनीच्या पुनर्विकासाला सुमारे ३६० कोटी, असे आकडे भूमिपूजनाच्या वेळी जाहीर झाले. प्रवाशाला बसायला चांगली जागा, लिफ्ट, सरकते जिने मिळायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण त्याने आऊटरवरचं एक मिनिटही कमी होत नाही. आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायचंच असेल, तर यार्डाच्या फेररचनेचं काय झालं, हे विचारा. जाता जाता एक : अजनी परिसरातली झाडं वाचवण्यासाठी नागपूरकर २०२१ मध्ये रस्त्यावर उतरले होते. त्यांना विकासविरोधी म्हणणं मला मान्य नाही. रूळ वाढवायला जागा लागते, पण ती कुठली घ्यायची हे लोकांशी बोलूनच ठरलं पाहिजे.

पुण्यात नोकरी करणारा एक नागपूरकर तरुण : वंदे भारत १६० ने धावू शकते म्हणतात. मग अजनी–पुणे प्रवासाला बारा तास का लागतात?

अंतर सुमारे ८८० किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी ७३ च्या आसपास. बिलासपूरच्या वंदे भारतची सरासरीही ७५ च्या घरातच आहे. गाडी सक्षम आहे, मार्ग तेवढा सक्षम नाही.

थोडं गणित करू. १०० किलोमीटर १३० च्या वेगाने कापायला ४६ मिनिटं लागतात, १६० ने साडेसदतीस. म्हणजे वाचली साडेआठ मिनिटं. आता त्याच वाटेवर एका ठिकाणी पुलाचं काम चालू आहे म्हणून २ किलोमीटरला ताशी ३० ची मर्यादा घातली. एरवी एका मिनिटात संपणारा तुकडा चार मिनिटं खातो, आणि आधी वेग कमी करण्यात व नंतर पुन्हा धरण्यात आणखी वेळ जातो. असे दोन तुकडे आले की कमावलेली साडेआठ मिनिटं गेली. वरचा वेग वाढवण्यापेक्षा खालचा वेग वाढवणं स्वस्तही पडतं आणि फायद्याचंही. तुमच्या मार्गावर दौंड–मनमाड हा पट्टा वर्षानुवर्षं एकेरी होता. तिथे समोरून येणारी गाडी पार होईपर्यंत थांबणं भागच असायचं. त्याचं दुहेरीकरण पूर्ण झालं की पुण्याला जाणाऱ्या सगळ्याच गाड्या सुधारतील, एकटी वंदे भारतच नव्हे. मी त्याला जास्त किंमत देतो.

कामठीहून : नागपूरच्या उन्हात रूळ वाकत नाहीत का?

वाकू शकतात. मोकळा ठेवलेला १ किलोमीटर रूळ ४० अंशांनी तापला, तर सुमारे ४६ सेंटीमीटर लांबेल. आजचे रूळ सलग जोडलेले असतात, त्यांना लांबायला जागा नसते. तो सगळा ताण रुळांखालचे आडवे स्लीपर, रूळ पकडणाऱ्या चाव्या आणि खडी मिळून धरून ठेवतात. म्हणून रूळ ठरावीक तापमानाला ताणमुक्त करून बसवतात आणि मे महिन्यात भर दुपारी गस्त घालतात. हवा ४५ अंशांवर असताना रूळ त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, आणि त्याच्या कडेने एक ट्रॅकमन पायी चालत असतो. त्याला सावली, थंड पाणी आणि मागून येणाऱ्या गाडीची सूचना देणारं उपकरण मिळणं, हाही आधुनिकीकरणाचाच भाग आहे. त्याच्यावर फार कमी लिहिलं जातं.

निवृत्त शिक्षक, धंतोली : 'कवच' बसवलं असतं तर बालासोरचा अपघात टळला असता का?

सर, बहुधा नाही, आणि ते का, हे समजून घेतलं पाहिजे.

कवच ही लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली भारतात विकसित झालेली प्रणाली आहे. रुळांमध्ये स्लीपरवर छोटे टॅग बसवतात, इंजिनातलं यंत्र ते वाचून आपण कुठे आहोत हे ओळखतं, आणि रेडिओवरून स्थानकाशी बोलत राहतं. पुढचा सिग्नल लाल आहे आणि लोको पायलट वेग कमी करत नाही असं दिसलं, की यंत्र स्वतः ब्रेक लावतं. लाल सिग्नल ओलांडणं, उभ्या गाडीवर मागून आदळणं, वेगमर्यादा मोडणं, अशा अपघातांवर हा खरा इलाज आहे. दक्षिण मध्य रेल्वेवर ते सुमारे १,४६५ किलोमीटरवर आधी बसलं. चौथी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये मंजूर झाली. दक्षिण मध्य रेल्वेनंतर दिल्ली–मुंबई आणि दिल्ली–हावडा या मार्गांना प्राधान्य मिळालं.

२ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजार स्थानकात जे घडलं, ते वेगळं होतं. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पण काटा (गाडीची वाट बदलणारा सरकता रूळ) लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, लागलेला होता, आणि तिथे मालगाडी उभी होती. सिग्नलच्या जोडणीतल्या चुकीच्या कामामुळे यंत्रणाच खोटं सांगत होती. कवच सिग्नलवर विश्वास ठेवून चालतं. सिग्नलच चुकीचा असेल, तर ते काय करणार?

म्हणून माझं मत असं : कवच लवकरात लवकर सगळ्या मुख्य मार्गांवर यावं, आपल्या नागपूरच्या चारही दिशांना यावं. पण त्यासोबत सिग्नल दुरुस्तीची शिस्त तेवढीच कडक हवी. रिले रूमचं, म्हणजे सिग्नल यंत्रणेच्या खोलीचं, कुलूप दोन चाव्यांनी उघडणं, जोडणी बदलल्यावर काटा आणि सिग्नल यांचा मेळ प्रत्यक्ष रुळावर जाऊन तपासणं, आणि त्यासाठी गाड्या थांबवून पुरेसा ब्लॉक, म्हणजे कामासाठी मोकळा वेळ, देणं. गाडीला उशीर होईल म्हणून ब्लॉक नाकारला, तर खालचा माणूस घाईत काम उरकतो. ती घाई जिवावर बेतते.

वरुडचे संत्रा बागायतदार : २०२० मध्ये किसान रेलने आमची संत्री दिल्लीला गेली. आता पुन्हा ट्रकच. रेल्वेच्या भविष्यात आमच्यासाठी काय आहे?

भाऊ, ट्रक तुम्हाला बागेतून उचलतो आणि बाजारात सोडतो, शिवाय कधी पोहोचेल ते सांगतो. मालगाडीला बहुतेक ठिकाणी आजही ठरलेलं वेळापत्रक नसतं. प्रवासी गाड्यांमधून फट मिळेल तशी ती पुढे सरकते. कोळशाला चार तासांचा उशीर चालतो, आंबिया बहाराच्या फळाला चालत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशातली बहुतेक मालवाहतूक रेल्वेकडे होती. पुढे तो वाटा घसरत सव्वीस-सत्तावीस टक्क्यांवर आला. राष्ट्रीय रेल्वे योजनेत तो २०३० पर्यंत ४५ टक्के करायचं म्हटलं आहे.

त्यासाठी मालगाड्यांना स्वतंत्र रूळ हवेत. असे दोन खास मार्ग, म्हणजे कॉरिडॉर, आहेत : पूर्व कॉरिडॉर १,३३७ किलोमीटरचा, पश्चिम १,५०६ किलोमीटरचा. दोन्ही आपल्यापासून लांब. भुसावळ–खरगपूर–दानकुनी या पूर्व-पश्चिम कॉरिडॉरची घोषणा २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली. आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची, कारण ती वाट विदर्भातून जाते. बारा हजार अश्वशक्तीच्या मालवाहू इंजिनांच्या देखभालीचा डेपो अजनीत आहे, म्हणजे ताकद दाराशी आहे. तोवर एक मागणी मात्र लावून धरण्यासारखी आहे : हंगामाच्या ठरावीक दिवशी, ठरलेल्या वेळी सुटणारी आणि ठरलेल्या वेळी पोहोचणारी पार्सल गाडी, आणि चढवण्याच्या जागी शीतगृह. अनुदान नसलं तरी खात्रीची वेळ मिळाली, तर बागायतदार येतील असं मला वाटतं.

हिंगण्याच्या एका कामगाराचं पत्र : सगळं एसीवाल्यांसाठीच चाललंय. दिवाळीत पुण्याहून येताना जनरल डब्यात एका पायावर उभं राहून आलो. आमचं काय?

दादा, तुमची तक्रार रास्त आहे. वंदे भारतची गरज आहे, पण ती तुमच्या डब्याच्या जागी आली तर चुकलं. ३० डिसेंबर २०२३ पासून अमृत भारत गाड्या सुरू झाल्या आहेत : पूर्ण बिनएसी, दोन्ही टोकांना इंजिन, त्यामुळे लवकर वेग धरणाऱ्या. पुणे–नागपूर मार्गाला अशी रोजची गाडी मिळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सणासुदीच्या विशेष गाड्या महिनाभर आधी जाहीर व्हाव्यात आणि त्यात निम्मे डबे जनरल असावेत. ज्या आधुनिकीकरणात माणसाला पाय टेकायला जागा मिळत नाही, ते मी पूर्ण झालं असं मानणार नाही.

नागपूर–मुंबई बुलेट ट्रेन कधी? (हा प्रश्न अनेकांचा.)

मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरचं भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झालं, त्यावरून अंदाज बांधा. मुंबई–नागपूर मार्गाचा अभ्यास झाला आहे. ही गाडी आपल्या रुळांवर धावत नाही, तिला वेगळ्या मापाचे रूळ लागतात, म्हणजे सगळं नव्याने बांधायचं. तिची वाट पाहत तिसरी-चौथी मार्गिका रेंगाळू देऊ नये.

मानेवाड्याच्या एक आई : मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. रेल्वेत त्याला पुढे वाव आहे का?

भरपूर. कवच, इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग (काटा आणि सिग्नल यांचा मेळ राखणारी यंत्रणा), ऑप्टिकल फायबर, सगळीकडे सिग्नल आणि दूरसंचारची माणसं लागणार आहेत. रेल्वे भरती मंडळाच्या ज्युनियर इंजिनिअर परीक्षेची तयारी त्याने आत्तापासून करावी. प्रशिक्षण सिकंदराबादच्या इरिसेट संस्थेत होतं. पदवीकडे वळायचं असेल, तर वडोदऱ्याच्या गतिशक्ती विश्वविद्यालयाचे अभ्यासक्रम पाहावेत. नोकरी फिरतीची आणि रात्री-अपरात्रीची आहे, हे मात्र त्याला आधीच सांगा.