शारजात 19 वर्षं झाली, तरी व्हिसा दोनच वर्षांचा

मागच्या अंकात मी सौदीतल्या माझ्या 22 वर्षांच्या नोकरीबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन आज घेतोय. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण तशीच परिस्थिती बडोद्यात खूप घरांत आहे.

प्रश्न: आम्ही कारेलीबागला राहतो. माझे मिस्टर 19 वर्षं शारजात एसी डक्टच्या कंपनीत आहेत, डिप्लोमा झालेत, वय 47, पगार 9,500 दिरहॅम, त्यात बेसिक 5,000. मी आणि मुलगा पाच वर्षांपूर्वी इकडे परत आलो, मुलगा आता बारावीला आहे. एवढी वर्षं झाल्यावर तिकडचा कायमचा व्हिसा मिळायला हवा ना? सयाजीगंजचा एक एजंट म्हणतो 23 लाख भरा, आजीवन गोल्डन व्हिसा करून देतो. कंपनीचं पण काही खरं नाही, दोन महिन्यांचा पगार लेट झालाय.

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ते 23 लाख. एक रुपया देऊ नका. जुलै 2025 मध्ये आपल्याकडच्या पेपरांत, टीव्हीवर हीच बातमी फिरत होती की एक लाख दिरहॅम भरले की भारतीयांना यूएईचा (शारजा, दुबई त्यातच येतात) आजीवन गोल्डन व्हिसा, आणि काही दिवसांतच तिथल्या सरकारी खात्याने जाहीर केलं की अशी कुठली स्कीमच नाही. गोल्डन व्हिसा आजीवन नसतो, दहा वर्षांचा असतो, रिन्यू होतो. नोकरदाराला तो हवा असेल तर डिग्री, वरच्या श्रेणीचं काम आणि महिना 30,000 दिरहॅम पगार लागतो, किंवा 20 लाख दिरहॅमची प्रॉपर्टी. तुमचे मिस्टर यात बसत नाहीत. त्याच्या खालचा ग्रीन व्हिसा पाच वर्षांचा आणि त्याला स्पॉन्सर (व्हिसा काढून देणारा मालक) लागत नाही, पण तिथेही डिग्री आणि 15,000 पगार आहे.

आता मूळ प्रश्न, 19 वर्षांचं काय. खरं सांगतो, त्या 19 वर्षांचा व्हिसाच्या हिशोबात जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत राहिलेली वर्षं मोजली जातात आणि ती भरली की कायमच्या रहिवासाला अर्ज करता येतो, आखातात तसं नाहीये, तिथे साधा व्हिसा हा माणसाचा नसून नोकरीचा असतो, दोन वर्षांनी कंपनीने रिन्यू केला तर आहे नाहीतर नाही, मग तुम्ही दोन वर्षं राहा की तीस. कतारने 2018 मध्ये कायम रहिवासाचा कायदा केला, पण बाहेर जन्मलेल्याला आधी 20 वर्षं राहायला पाहिजे, अरबी यायला पाहिजे, उत्पन्न पुरेसं पाहिजे आणि एवढं करून वर्षाला जास्तीत जास्त शंभर जणांना. बहरिनच्या गोल्डन रेसिडेन्सीला पाच वर्षं नोकरी आणि सरासरी 2,000 दिनार बेसिक. म्हणजे दार आहे, पण ते पगार बघून उघडतं. यूएईत रिटायरमेंट व्हिसाही आहे, वयाची आणि नोकरीच्या वर्षांची अट, सोबत 10 लाख दिरहॅमची बचत किंवा तेवढ्याचं घर, नाहीतर महिना 20,000 उत्पन्न (दुबईत 15,000). 10 लाख दिरहॅम म्हणजे आपले सव्वादोन कोटींच्या वर. एवढे असते तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

म्हणून ताई, कायमच्या व्हिसाचा विचार बाजूला ठेवा आणि हातात जे हक्काचं आहे ते सांभाळा. पहिलं ग्रॅच्युइटी. ती पूर्ण 9,500 वर नाही, बेसिकवर मिळते. पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा पगार, म्हणजे 3,500 गुणिले 5, झाले 17,500. पुढची 14 वर्षं दरवर्षी पूर्ण महिना, म्हणजे 70,000. एकूण 87,500 दिरहॅम. फेब्रुवारी 2022 पासूनच्या नव्या कायद्यात स्वतः राजीनामा दिला तरी यात कपात नाही, आणि नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. हा आकडा मिस्टरांनी वहीत लिहून ठेवावा. कंपनी "50,000 घे आणि सही कर" म्हणाली तर सही करायची नाही. पगार लेट होतोय त्याची तक्रार तिथल्या कामगार मंत्रालयाकडे ऑनलाइन होते, फार दिवस थांबू नका, कंपनी डबघाईला आल्यावर रांगेत शेवटी उभं राहण्यात अर्थ नाही.

दुसरं, नोकरी जाण्याचा विमा. 2023 पासून तो सक्तीचा आहे, तुमच्या मिस्टरांच्या पगाराला महिना फक्त 5 दिरहॅम, बरेच जण दंड नको म्हणून भरतात आणि विसरून जातात. सलग 12 महिने भरला असेल आणि कंपनीने काढलं तर बेसिकच्या 60 टक्के, म्हणजे 3,000 दिरहॅम, तीन महिने मिळतात. राजीनामा दिला तर मिळत नाही आणि क्लेम 30 दिवसांत टाकावा लागतो. म्हणजे कंपनी जर "तूच राजीनामा दे" म्हणत असेल तर का म्हणतेय ते समजून घ्या.

तुमचा स्वतःचा व्हिसा तर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिल्यामुळे केव्हाच गेलेला असणार. परत जायचं असेल तर अडचण नाही, बायकोमुलांना स्पॉन्सर करायला 4,000 पगार पुरतो, आणि 2022 च्या बदलानंतर अविवाहित मुलाला 25 वर्षांपर्यंत वडिलांच्या व्हिसावर ठेवता येतं, आधी 18 होतं. पण कंपनीच डगमगतेय तर आत्ता जाऊ नका असं मी म्हणेन, वडिलांचा व्हिसा गेला की घरच्या सगळ्यांचा जातो, आणि मुलाचं बारावीचं वर्ष आहे.

आणि पासपोर्ट कोणाकडे आहे ते विचारा. कंपनीने ठेवून घेणं यूएईत बेकायदा आहे. मी हे एवढं का विचारतो तर माझा पासपोर्ट सौदीत, जुबैलमध्ये कंपनीच्या तिजोरीत असायचा. 1999 मध्ये दांडिया बाजारच्या घरून फोन आला की बाबा गेले. एग्झिट रीएन्ट्रीवर (देश सोडून परत यायच्या परवान्यावर) कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाची, सही लागायची आणि तो गावाला गेला होता, मी चार दिवस ऑफिसच्या बाहेर त्या बाकावर बसून होतो, इकामा (तिथलं रहिवासी कार्ड) हातात. घरी पोचलो तेव्हा धाकटा भाऊ अस्थी चांदोदला विसर्जन करून आला होता. आता तिथलं चित्र बदललंय, ते खाली सांगतो, पण पासपोर्ट मात्र स्वतःच्या बॅगेत असू द्या.

प्रश्न: मी मकरपुऱ्याला फिटर आहे, वय 24, दहावीत राहिलो. सौदीत जायचंय. एजंट दीड लाख मागतोय, म्हणतो आझाद व्हिसा देतो, तिथे जाऊन कुठेही काम कर. करू का?

उत्तर: अजिबात नको. आझाद व्हिसा नावाचा कुठलाही व्हिसा कायद्यात नाही रे. कागदावर एक कफील असतो, तो पैसे घेऊन तुला मोकळा सोडतो, तू दुसरीकडे काम करतोस आणि पकडला गेलास तर बेकायदा तू. जेल, डिपोर्ट, आणि दीड लाखाचं व्याज इथे आईच्या डोक्यावर. मी जुबैलच्या कॅम्पात अशी पोरं बघितलीयत, सुट्टीला यायची पण सोय नसायची त्यांची.

दहावी पास नाहीस म्हणजे तुझा पासपोर्ट ईसीआर असणार, तुला एमिग्रेशन क्लिअरन्स (बाहेर नोकरीला जायची आपल्या सरकारची परवानगी) घ्यावाच लागेल, आणि हा त्रास नाहीये, तुझं संरक्षण आहे. एजंटचा रजिस्ट्रेशन नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास. रजिस्टर्ड एजंट कायद्याने जास्तीत जास्त 30,000 आणि वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 35,400 घेऊ शकतो, पावतीसकट. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा विमा तुला सक्तीचा आहे, दोन वर्षांचे 275 रुपये, तीनचे 375. एजंट "टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलू" म्हणाला तर उठून यायचं.

नीट कंपनीच्या व्हिसावर गेलास तर आता बरं आहे. 14 मार्च 2021 पासून सौदीत एक वर्ष झालं की कफीलच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते आणि एग्झिट रीएन्ट्री स्वतः ऑनलाइन काढता येते. पण घरकामगार आणि घरच्या ड्रायव्हरला हा नियम लागू नव्हता, म्हणून व्हिसावर धंदा काय लिहिलाय ते अरबीतलं वाचून घे, फिटरला नेतो सांगून हाउस ड्रायव्हरचा व्हिसा हातात देणारेही आहेत. कुवेतचा विचार असेल तर तिथे उलटं झालंय, जुलै 2025 पासून खाजगी नोकरीतल्या परदेशी माणसाला देश सोडताना मालकाची मंजुरी असलेला एग्झिट परमिट लागतो.

प्रश्न: मुलगी जर्मनीत म्युनिकला आयटीत आहे, ब्लू कार्ड (शिकलेल्या नोकरदारांचा तिथला परमिट) 2024 च्या ऑगस्टमध्ये मिळालं. तिला नोकरी बदलायची आहे. त्यामुळे पीआर (कायमचा रहिवास) अडकेल का? आम्हा दोघांना तिच्याकडे राहता येईल का?

उत्तर: अडकणार नाही. पहिल्या 12 महिन्यांत बदलली असती तर परदेशी नागरिकांच्या ऑफिसला कळवावं लागलं असतं, ती मुदत तिची संपली. पीआरसाठी तिथे खरोखर वर्षं मोजतात, ब्लू कार्डवर 27 महिने नोकरी आणि पेन्शनचे हप्ते भरलेले असले आणि जर्मन भाषेची ए-वन ही पहिली पातळी असली की चालतं, त्याच्या दोन पायऱ्या वरची बी-वन असेल तर 21 महिन्यांत. तिला सांगा आत्ताच बी-वनची परीक्षा दे, आणि दोन नोकऱ्यांच्या मध्ये गॅप पडू देऊ नकोस.

तुम्हा दोघांचंही जमू शकतं. ज्यांना कुशल कामगार म्हणून परमिट पहिल्यांदा 1 मार्च 2024 ला किंवा त्यानंतर मिळालं त्यांना आईवडिलांना नेता येतं, आणि तिचं ऑगस्टचं ब्लू कार्ड हाच तिचा तसा पहिला परमिट असेल तर त्यात बसतं. अडतं ते हेल्थ इन्शुरन्सपाशी, तुमच्या वयात तिथला पूर्ण विमा मिळणं अवघड आणि महाग, आणि त्याशिवाय व्हिसा होत नाही. म्हणून फ्लॅट विकायचा विचार वगैरे आत्ता नको, आधी मुलीला दोघांच्या विम्याचं लेखी कोटेशन मागवायला सांगा.