बेसबॉल सिम्युलेशन गेमवर फॅन लोक लांबलचक कहाण्या लिहितात, त्या वाचण्यात मजा काय असते?
मजा ही की पुढे काय होणार ते लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं, निकाल कॉम्प्युटर देतो आणि त्याला तो निभवावा लागतो. आउट ऑफ द पार्क बेसबॉल हा असाच एक गेम 1999 पासून आहे, त्यात बॅट फिरवायची नसते, तुम्ही मॅनेजर, टीम लावायची, दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल म्हणजे ट्रेड करायचे, बाकी आकड्यांवर. आता बघा, लेखकाने चार भाग खर्चून 19 वर्षांचा एक पिचर, म्हणजे आपल्या बोलरसारखा बॉल टाकणारा, उभा केला आणि जूनमध्ये स्क्रीनवर एक ओळ येते, कोपराचं लिगामेंट गेलं, टॉमी जॉन सर्जरी, वर्षभर तरी बाहेर. कादंबरीकार असं करायला धजला नसता! मग त्या पोराचं काय, त्याच्या जागी आलेल्या 37 वर्षांच्या म्हाताऱ्याचं काय, लिहावंच लागतं. मी नागपूरचा, इथे बेसबॉल बघणारे शोधावे लागतात, तरी मी हे आवडीने वाचतो, नियम अर्धेमुर्धे कळले तरी अडत नाही, क्रिकेटवाल्याला स्कोअरकार्ड चाळायची खोड असतेच. फक्त 162 मॅचच्या सीझनचा प्रत्येक बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, चिकटवणारा किंवा हरला की जुनी सेव्ह फाइल उघडणारा लेखक निघाला तर सोडून द्या, बोर होतं राजेहो.