गोळीचे नाव लिहायला हात का अडतो?

गोळ्यांच्या अतिसेवनाने घरातले माणूस गेले की नातेवाईक मला तेच ते विचारतात. म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न : मृत्यूच्या दाखल्यावर झोपेच्या गोळीचे नाव छापून येईल का? (जुळे सोलापूर)

नाही. महापालिकेच्या दाखल्यावर मृत्यूचे कारणच नसते. ते डॉक्टर भरतात त्या मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर असते.

प्रश्न : शेजारी म्हणतात, फॅमिली डॉक्टरांकडून ते प्रमाणपत्र लिहून घेतले असते तर पोस्टमॉर्टेम टळले असते.

शेजाऱ्यांना सांगा, डॉक्टरही गोत्यात आले असते आणि तुम्हीही. उशाशी रिकामी स्ट्रिप सापडली की पोलिसांना कळवायचेच.

प्रश्न : भाऊ यंत्रमागावर होता. कंबरेसाठी ट्रामाडोल, झोपेसाठी अल्प्राझोलाम. डॉक्टर वेगवेगळे, गोळ्या चिठ्ठीवरच्याच. प्रमाणपत्रावर कारण लिहिलेय ‘औषधांच्या अतिसेवनाने हृदयक्रिया बंद’. चिठ्ठीवरची औषधे लिहायची नसतात का?

लिहायचीच असतात! हृदयक्रिया बंद पडणे हे कारण नव्हे. गेलेल्या प्रत्येकाचे हृदय बंदच असते. ट्रामाडोल आणि अल्प्राझोलाम एकत्र श्वास मंदावतात, दारू असेल तर आणखी. नुसते ‘औषध’ लिहिले तर तो मृत्यू सरकारी नोंदीत ‘इतर व अनिर्दिष्ट’ खात्यात जातो. मग कुठली जोडगोळी माणसे मारते आहे, हे कळणार कसे? चिठ्ठी आपली म्हणजे दोष आपला, या भीतीने काही डॉक्टरांचा हात अडतो. प्रमाणपत्र म्हणजे आरोपपत्र नव्हे. अपघात की आत्महत्या, हा रकाना वेगळा असतो.

मात्र रक्तात औषध सापडले म्हणजे त्यानेच जीव घेतला, असेही नाही. मृत्यूनंतर काही औषधे अवयवांतून हृदयाच्या रक्तात उतरतात आणि आकडा फुगतो. म्हणून मांडीच्या शिरेतले रक्त घ्यावे लागते. दोन्ही चिठ्ठ्या, स्ट्रिपा आणि मेडिकलचे बिल घेऊन पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. या गोळ्यांची वेगळी नोंद दुकानदाराला तीन वर्षे ठेवावी लागते, तीही तपास अधिकाऱ्यांना मागवायला सांगा.

प्रश्न : ‘मत राखून ठेवले’ असे लिहिलेय. व्हिसेराचा (अवयवांच्या नमुन्यांच्या रासायनिक तपासणीचा) अहवाल येईपर्यंत मृत्यूची नोंद थांबवावी का?

थांबवू नका, मुदत २१ दिवसांची आहे. ‘तपास प्रलंबित’ अशी खूण करता येते. अहवाल आल्यावर अंतिम मत बहुतेकदा पोलिसांच्या फायलीत पडून राहते आणि प्रमाणपत्र अर्धवटच! पाठपुरावा तुम्हीच करा. दुरुस्तीसाठी जन्म-मृत्यू निबंधकांना भेटा.

प्रश्न : विम्यासाठी एक एजंट पैसे घेऊन कारण ‘बदलून’ देतो म्हणतो.

त्याला दारातूनच परत पाठवा. तो खोटा दस्तऐवज ठरेल, आणि गुन्हा तुमच्यावरही येईल. पॉलिसी घेऊन वकिलाकडे जा; आत्महत्येचे कलम सहसा पहिल्या १२ महिन्यांपुरतेच असते.

प्रश्न : वडिलांच्या उरलेल्या अल्प्राझोलाम आता आई रोज घेते.

पोलिसांचे काम संपले असेल तर गोळ्या आजच तुमच्या ताब्यात घ्या. पण रोजची गोळी एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. उद्याच तिला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या. रात्री-अपरात्री काही वाटले तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.