दुसरी सर्व्हिस आधी सुधारा

प्रश्न : माझे वय 43 असून गेल्या काही वर्षांपासून मी रामनगरच्या कोर्टावर सकाळी टेनिस खेळतो. पहिली सर्व्हिस जोरदार असते, पण ती चुकली की दुसरी हळू मारूनही नेटमध्ये जाते किंवा रेषेबाहेर पडते. साठीच्या घरातले एक गृहस्थ नुसते चेंडू परत करीत राहून मला नेहमी हरवतात. नवी रॅकेट घ्यावी, की फोरहँडचा जोर वाढवावा? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तूर्त दोन्ही नको. हौशी खेळात बहुतेक गुण कोणी जिंकत नाही, ते समोरचा हरतो. आणि तुमच्यासोबत खेळणाऱ्या गृहस्थांनी हे पुरते ओळखले आहे. गेमच्या सुरुवातीलाच दोन डबल फॉल्ट झाले, म्हणजे दोनदा दोन्ही सर्व्हिस चुकल्या, की त्यांनी रॅकेट न हलवताही तुम्ही 0-30 ने मागे असता. म्हणून सुरुवात दुसऱ्या सर्व्हिसपासूनच करावी.

चेंडू हळू मारला की तो आत पडेल, या समजुतीने हात आखडता घेतला जातो आणि नेमका तिथेच घात होतो. हाताची लय मोडते, चेंडू मारण्याऐवजी ढकलला जातो, आणि आत पडलाच तरी समोरच्याला आयता मिळतो. दुसऱ्या सर्व्हिसलाही हात पहिलीइतक्याच वेगाने फिरला पाहिजे; फरक एवढाच की तो वेग चेंडू पुढे ढकलण्यात न जाता त्याला फिरकी देण्यात खर्च व्हावा. टॉपस्पिनमुळे, म्हणजे पुढच्या दिशेने दिलेल्या फिरकीमुळे, चेंडू नेटवरून बराच उंच जाऊनही झपकन खाली येतो. सर्व्हिस जिथे पडायला हवी त्या सर्व्हिस बॉक्सची खोली नेटपासून जेमतेम 6.40 मीटर असल्यामुळे हा खाली येण्याचा गुण फार मोलाचा आहे.

यासाठी आधी ग्रिप तपासा. फोरहँडच्याच ग्रिपने सर्व्हिस करण्याची सवय हौशी खेळाडूंमध्ये सर्रास दिसते, आणि तिच्यामुळे फिरकी देणे अवघड होते. हातोडी धरावी तशी, म्हणजे कॉन्टिनेंटल ग्रिप धरा. सुरुवातीला चेंडू भलतीकडे जातील, पण म्हणून जुन्या ग्रिपकडे परत वळू नका. टॉस करताना, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवताना, तो तळव्यात न ठेवता बोटांच्या टोकांवर ठेवा, हात सरळ ठेवून साधारण डोळ्यांच्या उंचीवर सोडा, आणि उजव्या हाताने खेळत असाल तर तो पहिल्या सर्व्हिसपेक्षा किंचित डावीकडे, डोक्याच्या वर राहील असे पाहा. चेंडू म्हणजे घड्याळाची तबकडी मानली, तर रॅकेट सातच्या आकड्याकडून एकच्या आकड्याकडे घासत वर गेली पाहिजे.

सराव थेट बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, करू नये. आपल्या बाजूच्या सर्व्हिस लाइनवर (सर्व्हिस बॉक्सच्या मागच्या रेषेवर) उभे राहून चेंडू नेटच्या दोन हात वरून बॉक्समध्ये पडू लागला की पाऊलपाऊल मागे सरकावे. टोपलीभर चेंडू घेऊन एकट्याने केलेला हा सराव रोजच्या मॅचपेक्षा अधिक उपयोगी पडतो, हे मी आग्रहाने सांगेन.

रॅली सुरू झाल्यावर चेंडू तिरका मारण्याची सवय लावा. नेट मध्यभागी 91.4 सेंटिमीटर, तर खांबांजवळ 107 सेंटिमीटर उंच असते, शिवाय एकेरीच्या कोर्टाचा कर्ण सरळ लांबीपेक्षा सुमारे 1.4 मीटरने जास्त भरतो. म्हणजे तिरक्या फटक्याला नेट बुटके आणि कोर्ट लांब मिळते.

नागपुरात ऋतूचेही भान ठेवावे लागते. मे महिन्यात तापलेल्या चेंडूतील हवेचा दाब वाढतो, टप्पा उसळतो आणि फटके लांब जातात. डिसेंबरच्या पहाटे तोच चेंडू मरगळलेला वाटतो. अशा वेळी आपला खेळ बिघडला, असे समजून फटक्यांची घडण बदलू नये. नियमानुसार 254 सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला चेंडू 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. जुना आणि नवा चेंडू एकाच उंचीवरून सोडून पाहिले, तरी जुन्यांपैकी कोणते बाद करायचे ते लगेच कळेल.

प्रश्न : बॅकहँड मारताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखते. सराव चालू ठेवू का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि दुखत असताना बॅकहँड मारू नका. मग गटिंगकडे, म्हणजे रॅकेटच्या जाळीतील तारांकडे (गट), लक्ष द्या. व्यावसायिक खेळाडू वापरतात म्हणून घेतलेले ताठ पॉलिएस्टरचे गट, तेही घट्ट ताणलेले, हौशी खेळाडूच्या कोपराला फार जाचते. मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांचे) गट घेऊन ताण एक-दोन किलोने कमी करा. बरे वाटल्यावर चेंडू शरीराच्या पुढे गाठण्यावर भर द्या, कारण उशिरा पोहोचून मनगटाने ओढलेला एकहाती बॅकहँड कोपरावर सर्वाधिक भार टाकतो. दोन्ही हातांनी मारायला शिकलात, तर तो भार बराच वाटला जाईल.